ओब्लोमोव्हची टाळाटाळ आणि तिची किंमत मोजणारे

रशियन कादंबरीकार इव्हान गोंचारोव्ह यांची ‘ओब्लोमोव्ह’ ही कादंबरी १८५९ साली मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे रशियातील भूदासप्रथा कायद्याने संपण्याच्या अवघी दोन वर्षे आधी. भूदास म्हणजे जमिनीशी आणि जमिनीच्या मालकाशी बांधलेला शेतकरी. जमीनदाराची श्रीमंती त्याच्याकडे असे किती पुरुष भूदास आहेत यावर मोजली जाई आणि त्या मोजणीत भूदासांचा उल्लेख ‘आत्मे’ असा होत असे. कादंबरीचा नायक इल्या इल्यिच ओब्लोमोव्ह अशा साडेतीनशे आत्म्यांचा धनी आहे, तिशी ओलांडलेला आहे, आणि पहिल्या भागाच्या जवळजवळ दीडशे पानांत तो अंथरूण सोडून कुठेही जात नाही. आळसाची कादंबरी म्हणूनच तिची ख्याती झाली. मात्र आळशी माणूस काम टाळतो, तर ओब्लोमोव्ह बांधिलकी टाळतो, म्हणजे ज्यातून मागे फिरता येणार नाही असा कोणताही शब्द देणे टाळतो. आणि हे टाळण्यासाठी तो जेवढी बुद्धी, कल्पना व वक्तृत्व खर्च करतो, तेवढ्यात त्याची सगळी कामे सहज उरकली असती. कादंबरीचा विनोद या तफावतीतून उगवतो, आणि तिचे गांभीर्य या टाळाटाळीची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते या वस्तुस्थितीतून.

ओब्लोमोव्हच्या सरकारी नोकरीचा शेवट पाहावा. एक महत्त्वाचा कागद तो आस्त्राखानऐवजी अर्खांगेल्स्कला धाडतो, म्हणजे दक्षिण टोकाऐवजी उत्तर टोकाला. आणि चूक उघडकीस आल्यावर शिक्षेची वाट न पाहता घरी जाऊन, रोज कचेरीत जाण्याने हृदयाला धोका आहे असा डॉक्टरचा दाखला पाठवून देतो. वरिष्ठांनी त्याला फार तर कानपिचक्या दिल्या असत्या; तेवढेही ऐकून घ्यावे लागू नये म्हणून तो पुढे राजीनामाच देतो. येथून पुढे कादंबरीभर हीच रीत चालते: छोटा त्रास चुकवण्यासाठी मोठे नुकसान पत्करायचे, आणि त्या नुकसानीला प्रकृतीचे, हवामानाचे किंवा सद्भावनेचे कारण जोडायचे.

पहिल्या भागातील सर्वांत विनोदी प्रसंग घरबदलाचा आहे. भाड्याची जागा सोडायची आहे, मुखत्याराकडून उत्पन्न घटल्याचे पत्र आले आहे, आणि दोन्हींवर काहीच ठरत नाही. तेव्हा म्हातारा नोकर झाखार सहज बोलून जातो की इतर लोकही घर बदलतात, मग आपल्याला काय हरकत आहे. ‘इतर’ हा शब्द ओब्लोमोव्हला झोंबतो. आपल्याला इतरांच्या पंगतीत बसवले या अपमानाने तो पेटून उठतो आणि इतर म्हणजे कोण याचे दीर्घ विवेचन करतो: इतर राबतात, धावपळ करतात, स्वतःचे बूट स्वतः पुसतात, आपण तर जन्मात स्वतःच्या हाताने पायात मोजाही चढवलेला नाही. प्रवचनाच्या ओघात तो नोकराला इतका हलवून सोडतो की धड काही न कळलेला झाखार ओक्साबोक्शी रडू लागतो. हसू थांबते न थांबते तोच गोंचारोव्ह प्रसंगाची बाजू पालटतात. झाखार गेल्यावर, डोळा लागण्यापूर्वी, ओब्लोमोव्ह त्याच शब्दापाशी परत येतो आणि क्षणभर त्याला स्वच्छ दिसते की इतरांनी जे सहज केले ते आपल्याला जमलेले नाही, आपल्यात काहीतरी चांगले होते ते कुठेतरी गाडले गेले आहे. ही जाणीव खरी आहे, तिच्यात ढोंग नाही. आणि ती येऊनही तो झोपी जातो. आत्मज्ञानाने माणूस बदलतोच असे नाही, हे इतक्या निर्भीडपणे आणि तरीही इतक्या ममतेने सांगणारी पाने एकोणिसाव्या शतकाच्या युरोपीय कादंबरीत फार थोडी असतील.

दुसऱ्या भागात प्रेम येते. ओब्लोमोव्हचा बालमित्र आंद्रेई श्टोल्त्स, जर्मन बापाचा आणि रशियन आईचा उद्योगी मुलगा, त्याची ओल्गा इल्यिन्स्काया या तरुणीशी गाठ घालून देतो आणि स्वतः परदेशी जातो. ओल्गाच्या मनात सुरुवातीपासून या माणसाला जागे करण्याची योजना आहे. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण लेखकाने तिलाही दोषमुक्त ठेवलेले नाही: ती ओब्लोमोव्हवर जितके प्रेम करते, तितकेच आपण घडवू पाहत असलेल्या भावी ओब्लोमोव्हवर करते. ओब्लोमोव्ह हे ताडतो आणि तिला पत्र लिहितो की तुमचे प्रेम खरे नाही, तुमच्या हृदयाची चूक होते आहे, म्हणून आपण भेटू नये. पत्रातले निदान बरेचसे अचूक आहे, भाषाही त्यागाची आहे. पण पत्र पोचल्यावर हा त्यागी पुरुष ती ते वाचताना कशी दिसते हे झुडपाआडून पाहत उभा राहतो. ती रडते आहे हे पाहून त्याला दुःख होते, आणि समाधानही वाटते. टाळाटाळ करणाऱ्याचे युक्तिवाद खोटे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. गोंचारोव्ह दाखवतात की ते पुष्कळदा खरे असतात आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद अवघड होतो.

नेवा नदीवरील पुलांचे प्रकरण याच सूत्राचा कळस आहे. लग्नाची बोलणी झाली आहेत, ओब्लोमोव्ह नदीपलीकडच्या व्हिबोर्ग भागात भाड्याने राहायला आला आहे, आणि ओल्गा अलीकडे, शहराच्या मध्यवस्तीत आहे. त्या काळी नेवेवर तरंगते पूल असत. शरद ऋतूच्या अखेरीस नदीतून बर्फ वाहू लागले की ते काढून घेत आणि नदी गोठून स्थिर झाली की पुन्हा जोडत. आधी ओब्लोमोव्ह सर्दी झाल्याचे खोटे पत्र पाठवून एक भेट चुकवतो. पुढे पूल निघाल्याची बातमी येते, तेव्हा त्याच्या मनावरचे ओझे उतरते, कारण आता खोटे बोलण्याचीही गरज उरलेली नसते. सबब प्रत्यक्ष निसर्गाने पुरवलेली असते. त्या रिकाम्या दिवसांत तो घरमालकीण आगाफ्या मात्वेयेव्ना हिच्या मुलांचा अभ्यास घेतो, तिच्या हातची कॉफी पितो, आणि अर्धवट उघड्या दारातून, काही ना काही काम करत सतत हलणारे तिचे उघडे कोपर पाहत बसतो. पूल पुन्हा जोडले जातात तेव्हाही तो जात नाही. अखेर, तरुण मुलीने एकटीने परपुरुषाच्या घरी जाणे ही बदनामीची बाब असताना, ओल्गाच नदी ओलांडून त्याच्याकडे येते. धोका पत्करण्याचे काम जिच्यावर पडू नये, तिच्यावर ते पडते. पुढे ओब्लोमोव्ह जमिनीची व्यवस्था लागेपर्यंत लग्न वर्षभर लांबवण्याची गोष्ट काढतो, आणि ओल्गा नाते तोडते.

येथवरची कथा समीक्षेने भरपूर चर्चिली आहे. निकोलाय दोब्रोल्यूबोव्ह या तरुण समीक्षकाने त्याच वर्षी लिहिलेल्या गाजलेल्या निबंधात ओब्लोमोव्हला पुश्किनच्या ओनेगिनच्या आणि लेर्मोंतोव्हच्या पेचोरिनच्या वंशात बसवले. हे रशियन साहित्यातले ‘फालतू पुरुष’, म्हणजे शिकलेले, संवेदनशील, पण समाजाला कोणताच उपयोग नसलेले सरदारपुत्र. त्यांची निष्क्रियता भूदासांच्या श्रमावर पोसली गेली आहे, हा दोब्रोल्यूबोव्हचा मुद्दा निर्विवाद आहे. नव्या जीवनाची चिन्हे मात्र त्याला ओल्गामध्ये दिसली. या वाचनात चौथा भाग उपसंहारासारखा मागे पडतो आणि आगाफ्या म्हणजे नायकाच्या अधःपाताची केवळ एक पायरी ठरते. या वाचनाचे मोठे वैगुण्य ते हेच.

कारण टाळाटाळीचा हिशेब सर्वांत बारकाईने मांडला आहे तो आगाफ्याच्या घरात. तिचा भाऊ मुखोयारोव्ह आणि ओब्लोमोव्हचा ऐतखाऊ परिचित तारान्त्येव्ह मिळून, ओब्लोमोव्हकडून आगाफ्याच्या नावे दहा हजार रुबलांचा खोटा कर्जरोखा लिहून घेतात, आणि मग तेच पैसे आपण भावाला देणे लागतो असा कागद आगाफ्याकडून करवून घेतात. ओब्लोमोव्ह सही करतो, कारण सही न करणे म्हणजे वाद घालणे आणि वाद घालणे म्हणजे चौकशी करणे. जमिनीचे उत्पन्न भावाच्या खिशात जाऊ लागते, घरात पैसा उरत नाही. तरी ओब्लोमोव्हच्या ताटातला पदार्थ कमी होऊ नये म्हणून आगाफ्या आपले मोती आणि घरातली चांदी गहाण टाकते, आणि त्याला याचा पत्ता लागू देत नाही. तो विचारतही नाही. बेजबाबदारपणाची व्याख्या करायची झाली तर ती या न विचारण्यात शोधावी. चार घास बिनतक्रार खाणारा हा सज्जन, प्रेमळ, कोणाचेही वाईट न चिंतणारा माणूस शेजारच्या खोलीत काय गहाण पडत आहे हे जाणून घेत नाही, कारण जाणले तर काहीतरी करावे लागेल. श्टोल्त्स येऊन भावाची लबाडी मोडून काढतो, तो भाग कथेच्या सोयीचा आहे आणि श्टोल्त्स हे पात्रही सबंध कादंबरीत सर्वांत फिके उतरले आहे.

ओब्लोमोव्ह अखेर आगाफ्याशी लग्न करतो. आयुष्यातली ही एकमेव बांधिलकी. पण तिच्यातही निर्णय असा कुठे दिसत नाही, रोजच्या सवयीचे रूपांतर संसारात झालेले दिसते. त्यांना मुलगा होतो, त्याचे नाव मित्राच्या नावावरून आंद्रेई ठेवले जाते, आणि काही वर्षांनी ओब्लोमोव्ह झटक्याने मरतो. त्यानंतरची पाने गोंचारोव्ह यांनी आगाफ्याला दिली आहेत. श्टोल्त्स मुलाला वाढवायला नेतो आणि इस्टेटीचे उत्पन्न आगाफ्याला देऊ करतो. ती ते घेत नाही, मुलासाठी राखून ठेवायला सांगते. आपण कोणावर आणि कशासाठी प्रेम केले हे आता तिला समजलेले असते. निरक्षरतेच्या काठावरची, स्वयंपाकघराबाहेर न पडलेली ही विधवा आयुष्याचा अर्थ मागे वळून पाहून स्वतःच लावते, आणि ओब्लोमोव्हला सगळ्या वाचनाने व चिंतनाने जे साधले नाही ते साधते: ती एक गोष्ट ठरवते आणि तिच्यावर ठाम राहते.