शेणकिड्यांचा नकाशा आणि आपल्या वाटा



संमेलनाध्यक्षाने आपल्या विषयाचा एकंदर आढावा घ्यावा, अशी रीत आहे. भुंगेऱ्यांच्या बाबतीत ती पाळायची तर मुक्काम वाढवावा लागेल. जगात वर्णन झालेल्या त्यांच्या जातीच चार लाखांच्या घरात आहेत. म्हणून मी शेणाच्या एका पोपुरतेच बोलणार आहे. त्यातही हत्तीच्या लिदीत राहणारा धिप्पाड हेलिओकोप्रिस बाजूला ठेवतो. त्याचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते तीन ते दहा मिलिमीटरच्या काळ्या-तपकिरी मंडळींविषयी: ऑन्थोफॅगस, कॅकोबियस, ओनिटिसेलस, सिसिफस आणि आफोडियसचे गोत. गुराख्याला ती रोज दिसतात, आपल्या निबंधांत मात्र ‘इतर’ या रकान्यात जातात.

संमेलन सातारा जिल्ह्यात भरले, हे या विषयाला फार सोयीचे झाले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. तेवढ्यात सदाहरित जंगल, जांभ्याचे सडे, कृष्णाकाठची काळी जमीन आणि मुरमाड माळ एकामागून एक येतात. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत हे सगळे पायाखालून घालता येईल, असे जिल्हे देशात थोडे आहेत.

शेणकिड्यासाठी हा फरक पावसाइतकाच जमिनीचा आहे. शेण वापरण्याच्या त्याच्या तीन तऱ्हा आपण सगळे शिकवतो. काही जाती शेणाचा गोळा करून तो ढकलत दूर नेतात. काही पोच्या खालीच बीळ खणून शेण आत ओढतात. काही पोतच संसार थाटतात. पुस्तकात ही वर्गवारी किड्याचा स्वभाव म्हणून येते, पण जमिनीवर तिला अटी असतात. खणणाऱ्याला ओली, खोल माती लागते. सड्यावर चार बोटांखाली कातळ लागला, की त्याचे काही चालत नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून टणक होते, तेव्हा तो खालीच अडकून राहतो आणि मृगाच्या सरींनी माती भिजली की बाहेर पडतो. पोत राहणाऱ्या ओनिटिसेलस सिंक्टसला मातीशी फारसे देणेघेणे नाही. त्याची मादी पिल्लांसाठीचे गोळे पोच्या आतच बनवते. त्याला पो ओला राहायला हवा, पायदळी फुटायला नको आणि मुख्य म्हणजे कोणी गोवरीसाठी उचलून न्यायला नको. ही शेवटची अट महाराष्ट्रात किती कडक आहे, ते गोठेवाल्यांना विचारा.

आता नकाशाकडे येतो. आपल्या ओळखीच्या कितीतरी जातींना अठराव्या शतकात कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने नावे दिली. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतून त्याच्याकडे नमुने जात. त्यामुळे ‘भारत’ एवढाच पत्ता असलेल्या जाती आपल्या वाट्याला आल्या. पुढे 1931 मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत गिल्बर्ट अ‍ॅरोचा शेणकिड्यांवरचा खंड निघाला. ओळख पटवायला आपण आजही त्याच्याच किल्ल्या फिरवतो, आणि त्या बव्हंशी चालतातही. त्या माणसाच्या नजरेला माझा नमस्कार. पण त्यातली गावे नकाशावर टिपून पाहा. निलगिरी आहे, कारवारकडचा कानडा मुलूख आहे, कारण तिथे वनखात्यात टी. आर. बेल होते आणि मिळेल ते गोळा करून पाठवत होते. जिथे वनअधिकारी, जिथे थंड हवेचे ठिकाण, जिथे डाकबंगला, तिथे किडे. माण, खटाव, जत, सांगोला रिकामे. ही जागा किड्यांनी रिकामी ठेवलेली नाही. तिकडे कोणी साहेब उन्हाळा काढायला जात नसे, एवढाच त्याचा अर्थ.

साहेब गेले, वाट तीच राहिली. आजचे आपले निबंध पाहिले तर कोयना, चांदोली, भीमाशंकर, ताम्हिणी. अभयारण्याचे नाव शीर्षकात असले की निबंध वजनदार वाटतो, हे मला ठाऊक आहे; मीही त्याच दुकानात माल घेतला आहे. पण शेणकिडा हा जनावराच्या मागे जाणारा प्राणी. महाराष्ट्रात जनावरे आहेत गायरानात, बांधावर, ओढ्याकाठी आणि पेठेच्या कडेला. तिथे जायला वनखात्याच्या परवानगीसाठी सहा महिने थांबावे लागत नाही, शेतकऱ्याला विचारले की काम होते. तरी आपण जात नाही.

जनावर बदलले की काय होते, याचा मोठा धडा ऑस्ट्रेलियात आहे. तिथे गाई पोचल्या 1788 साली. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूच्या कोरड्या, चोथट लेंड्यांना सरावलेले. गाईच्या पातळ पोला त्यांनी फारसा हात लावला नाही. शेण महिनोन्‌महिने कुरणावर वाळत पडे आणि माश्यांचे पीक येई. हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज बोर्नेमिस्सा यांनी हे हेरले आणि सरकारी संशोधन संस्थेमार्फत बाहेरून किडे आणून सोडण्याची मोहीम उभी राहिली. 43 जाती सोडल्या, 23 तगल्या. आपल्याला आणायची गरज नाही, आपल्याकडे आहेत. मात्र आपल्याकडचे शेणही बदलते आहे. माळावर चरणाऱ्या खिलारीचा पो आणि उसाचे वाढे व सरकी पेंड खाऊन गोठ्यात उभ्या असलेल्या संकरित गाईचे शेण यांत पाण्याचे, चोथ्याचे प्रमाण एक नसते. शिवाय दुसरे शेण जमिनीवर पडतच नाही, थेट उकिरड्यावर किंवा गोबरगॅसमध्ये जाते.

त्यात जंताच्या औषधाची भर. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात ते औषध उतरते आणि कित्येक दिवस माश्यांच्या व भुंगेऱ्यांच्या अळ्या मारते. असे पो कुजायला वेळ लागतो, हे इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी 1987 मध्येच दाखवून दिले. औषध वाईट असे मी म्हणत नाही, मेंढपाळाला त्याची गरज आहे. पण औषध कधी दिले, हे विचारल्याशिवाय घेतलेला नमुना आणि विचारून घेतलेला नमुना एका तक्त्यात बसवू नयेत.

मेंढपाळांचे नाव निघालेच आहे, तर माझा लाडका प्रश्न मांडतो. माण-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांसकटचे तांडे, घेऊन घाट उतरतात, कोकणात शेतांवर मेंढरे बसवतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. म्हणजे दरवर्षी लेंड्यांची एक लांबच लांब रेघ सह्याद्री ओलांडून जाते आणि परत येते. कोरड्या माळावरच्या जाती या रेघेने घाट ओलांडतात का? लेंडी लवकर वाळते आणि ती वाट कोरड्या दिवसांतली, तेव्हा ‘नाही’ असेही उत्तर येऊ शकेल. आले तर तेही छापू. पण वाड्याबरोबर चालल्याशिवाय कुठलेच उत्तर येणार नाही. वाड्यावरचे लोक वाटेतला प्रत्येक मुक्काम सांगतील. एवढी नेमकी स्थळनोंद आपल्या संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर क्वचित असते.

ओळख पटवण्याविषयी थोडे कडू बोलतो. ऑन्थोफॅगसच्या दोन हजारांवर जाती आहेत. त्यांतल्या अनेकींत अळीपणी भरपूर खायला मिळालेल्या नराला शिंगे येतात, उपाशी राहिलेल्याला नुसता उंचवटा. असा बिनशिंगी नर बिळाच्या दारात झुंजायच्या फंदात पडत नाही, बाजूने भुयार खणून मादीपर्यंत पोचतो. मादी त्याला फसत नसेल, आपण फसतो. एका जातीच्या मोठ्या नराला एक नाव, बारक्याला दुसरे, असे झाले की विविधतेचा आकडा फुगतो आणि सगळ्यांना बरे वाटते. निम्म्या यादीत ‘ऑन्थोफॅगस जाती 1, जाती 2’ असते, त्यापेक्षा हे वाईट. निदान तिथे अज्ञान कबूल केलेले असते. नराचे जननांग काढून पाहायला सुई, सूक्ष्मदर्शक आणि एक दुपार लागते. ते न करता नवी जात जाहीर करणाऱ्या निबंधाला आपल्या नियतकालिकाच्या पुढच्या अंकात जागा देऊ नये, असे मी संपादक मंडळाला सांगितले आहे. त्यावरून आज जेवणाच्या पंगतीत भांडण होईल, त्याची तयारी आहे.

काम असे ठरवावे, असे सुचवतो. महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंतच्या महाविद्यालयांनी मृगाचा पाऊस झाल्यावर एकाच आठवड्यात खड्ड्याचे सापळे लावावेत. सर्वांनी एकाच वजनाचे, औषध न दिलेल्या जनावराचे ताजे शेण कापडात बांधून वर टांगावे. शेजारी लेंड्यांचा सापळा हवाच. एक दिवसाची, एक रात्रीची अशी वेगळी मोजणी व्हावी, कारण दिवसा उडणाऱ्या आणि रात्री उडणाऱ्या जाती निराळ्या. सापळा नसेल तर आख्खा पो खालच्या मातीसकट बादलीभर पाण्यात बुडवावा. बारीकसारीक सगळे तरंगून वर येते, आणि हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो. चिठ्ठीवर गाव, तारीख, माती, जनावर आणि त्याचा चारा लिहावा. ज्या सापळ्यात काहीच आले नाही, त्याचीही चिठ्ठी जपावी. नमुन्यांची एक जोडी आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात ठेवायला द्यावी, म्हणजे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर कपाटात वाळवी लागून सगळे संपणार नाही.

माणमधल्या दोन गायरानांची जागा मी बोलून ठेवली आहे. नावे देणाऱ्यांची वही नोंदणीच्या टेबलावर आहे. पहिल्या सत्राचे वक्ते आले असतील तर त्यांनी पुढे बसावे; प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतील, आणि घंटा माझ्या हातात आहे.