कुंपणावरची गुळवेल
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात शिक्षणाचा, घरांचा, विवाहखर्चाचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. आज मात्र आम्ही आपले लक्ष एका साध्या वेलीकडे वेधणार आहोत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि डोंगरापलीकडे घाटकोपर-मुलुंडला जेव्हा वाड्या होत्या, तेव्हा कुंपणाकुंपणावर गुळवेल चढलेली असे. वाड्या गेल्या, इमारती आल्या. तरी ही वेल अद्याप तग धरून आहे.

पान हृदयाच्या आकाराचे, फळ पिकले म्हणजे लालबुंद, आणि फांद्यांवरून सुतळीसारखी लोंबणारी मुळे. खोडाची पातळ साल नखाने खरवडली की आत हिरवा गर दिसतो. आडवे कापले तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. चव कडू. संस्कृतात हिला गुडूची, अमृता अशी नावे आहेत. छिन्नरुहा हे नाव तर फारच अन्वर्थक. तोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो, म्हणून ती छिन्नरुहा. रावणवधानंतर इंद्राने अमृत शिंपून मृत वानरांना उठविले आणि त्यांच्या अंगावरून जे थेंब भूमीवर पडले त्यांतून ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात आहे.

ज्वर, मधुमेह, वातरक्त आणि कावीळ यांवर वैद्यांनी हिचा उपयोग सांगितला आहे. खोड ठेचून पाण्यात भिजवावे, कुस्करून गाळावे, पाणी निवळू द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवावा. हेच गुळवेलीचे सत्त्व. निंबावर चढलेली वेल विशेष गुणकारी, असे आपल्या घरांतून मानीत.

आमच्या आजीला ही विद्या कोणा पंडिताने शिकविली नव्हती. डोंगरातून मोळी घेऊन येणाऱ्या वारली बायांकडून ती शिकली. ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण आपल्या थोरांचे ऋण सांगतो. तद्वत् हे ऋणही सांगितले पाहिजे. आजी बोटभर तुकडा ठेची, सुंठ घालून काढा करी आणि ताप आलेल्यासच देई, तोही तीन दिवस. चौथ्या दिवशी कोणी मागितला तर म्हणे, "ताप गेला ना? मग औषधही गेलं."

हे तिचे शब्द आम्ही विसरलो. सन 2020 मध्ये कोरोनाची साथ आली, घरोघर काढे उकळू लागले. आम्हीही इमारतीमागच्या भिंतीवरून वेल तोडून आणली. कोणाला ताप नव्हता. केवळ भीती होती. आमच्या वहिनींनी तो काढा सलग चार महिने घेतला. एके सकाळी त्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. डॉक्टरांनी विचारले, "काही औषध चालू आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही." काढा हे औषध आहे असे त्यांना वाटलेच नव्हते! दुसऱ्या भेटीत आम्हीच ती गोष्ट सांगितली. काढा बंद झाला आणि वहिनी सावकाश बऱ्या झाल्या. काविळीवर म्हणून जी वेल देतात, तिच्या काढ्यापाठोपाठ कावीळ यावी, याचे आम्हांस आजही शल्य आहे. कारण वेल तोडणारे हात आमचे होते.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील असे सहा रुग्ण 2021 मध्ये नोंदविले. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित असून, तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी-गाठी असलेली तिचीच एक विषारी बहीण लोकांनी घेतली असावी, असे त्याचे म्हणणे. हा वाद सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दोन्ही पक्षांचे ऐकले तरी गृहस्थाने घ्यावयाचा बोध एकच : ओळख पटल्यावाचून घेऊ नये, आणि मात्रेवाचून घेऊ नये. आपण आजीचे औषध ठेवले आणि आजीची मात्रा टाकून दिली, हीच खरी चूक.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, घरी काढा, चूर्ण, सत्त्व काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांस व वैद्यांस निःसंकोच सांगा. मधुमेह, थायरॉइड वा संधिवाताची औषधे चालू असणाऱ्यांनी तर आधी विचारल्यावाचून घेऊच नये. दुसरी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वेल तोडून आणू नका. ते कायद्याने मना आहे, आणि ते वन शेकडो जीवांचे घर आहे. साथीच्या काळात शहापूरकडील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषधी कारखान्यांना पुरविली. रानाची पारख ज्यांना आहे, त्यांना त्यांच्या श्रमाचे योग्य मोल मिळाले पाहिजे. तिसरी, वैद्याकडून वा वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून घेतलेला एक तुकडा आपल्या सभागृहाच्या अंगणात, निंबाच्या बुंध्याशी लावावा, आणि ज्ञातीतील वृद्ध स्त्रियांकडून अशा वनस्पतींची माहिती लिहून घ्यावी. मात्र लिहिताना केवळ 'काय द्यावे' एवढेच लिहू नका. किती द्यावे, कोणास देऊ नये आणि केव्हा थांबावे, हेही लिहा.

छिन्नरुहा तोडली तरी पुन्हा रुजते. वृद्धांसमवेत जे ज्ञान निघून जाते, ते मात्र तसे रुजत नाही. ते वेळीच जतन करण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.