धातुशास्त्राची शाखा आणि श्रावकाचा विवेक

(विद्यार्थी मार्गदर्शन सत्रातील भाषण)



बारावीनंतर पाल्याने धातुशास्त्र व मटेरियल सायन्स ही अभियांत्रिकीची शाखा मागितली, की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. 'नोकरी मिळेल का?' हा पहिला. आणि 'भट्टीचा उद्योग श्रावकाला शोभेल का?' हा वडीलधाऱ्यांचा दुसरा. दुसरा प्रश्न झटकून टाकू नये. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म प्रथम येते आणि हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त लोहारकामही त्यातच गणले आहे.

परंतु भट्टीवर उपजीविका करणे वेगळे आणि पदार्थाचे स्वरूप जाणणे वेगळे. 'तत्त्वार्थसूत्रा'च्या पाचव्या अध्यायात पुद्गल, परमाणू व स्कंध यांचाच विचार आहे. आधुनिक विज्ञानाची रीत निराळी, प्रयोगाची. तरी ही जिज्ञासा आपल्याला परकी नाही. शिवाय हानी कमी करण्याचे साधनही याच विद्येत आहे. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. गंज रोखला, की तेवढे खाणकाम वाचते.

आता पहिला प्रश्न. संगणक शाखेइतक्या जागा येथे नाहीत, हे आधीच जाणावे. आपल्या नंदुरबारवरून जाणारा लोहमार्ग ज्या सुरतेस पोहोचतो, तिच्याजवळ हजिऱ्याला पोलादाचा मोठा कारखाना आहे. पुण्यात वाहनउद्योग आहे. संशोधनाकडे वळायचे असेल, तर पदव्युत्तर शिक्षणाची तयारी ठेवावी.

राज्यात ही शाखा मुंबईच्या आयआयटीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत आहे. सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. व्हीएनआयटीचे प्रवेश जेईई मेनवर होतात व निम्म्या जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. संस्थेचे नाव पाहून भुलू नका. चार वर्षांचा अभ्यासक्रम वाचा. सिरॅमिक, प्लास्टिक व अर्धवाहक यांना त्यात स्थान आहे की केवळ धातूंना, हे पाहा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पदवीच्या विद्यार्थ्याला हाताळू देतात का, हे तेथील मुलांनाच विचारा. आणि भौतिक व रसायन या दोन्ही विषयांची गोडी नसेल, तर केवळ गुण पुरतात म्हणून ही शाखा घेऊ नका.

पालकांनो, पुढे कोणता उद्योग स्वीकारावा आणि कोणता टाळावा, हा विवेक मुलांना घरातच मिळतो. तो द्या आणि शाखा त्यांना निवडू द्या.

जय जिनेंद्र!