पदवीचा भाव आणि शेतकऱ्याचा वावर
(येडशी येथे पालकांच्या सभेत एका शाळामास्तराने केलेले भाषण)



आज या सभेस शेतातून, सुतारमेटावरून, शिवणयंत्रावरून हातातले काम टाकून आपण आलात, याबद्दल आम्ही प्रथम आपले आभार मानतो. बारावीचे निकाल लागले की गावात दोन प्रकारची माणसे फिरू लागतात. एक, पेढे वाटणारा बाप. आणि दुसरा, त्याच्या मागोमाग येणारा कॉलेजचा दलाल. पेढे एका दिवसात सरतात, दलालाचे बोलणे मात्र चार वर्षे पुरते. म्हणून या विषयावर चार शब्द उघडपणे बोलावेत असे आम्ही ठरविले.

आठ दिवसांपूर्वी आपल्यापैकीच एक गृहस्थ संध्याकाळी आमच्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "गुरुजी, वड्याकडची पट्टी इकून पोराला पुण्याला इंजिनेरीला घालावं म्हंतोय. घालू का नको?"

आम्ही त्यांना त्या रात्री उत्तर दिले नाही. त्याचे कारण आज येथे सांगितले पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी असाच एक बाप आमच्याकडे आला होता. मुलगा बारावीला बेताचाच पास झालेला. एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा देऊ करून गेला होता. आम्ही तेव्हा फुशारकीने म्हणालो, "शिकवा. जमीन गेली तर परत घेता येते, वय गेले तर परत येत नाही." वाक्य टाळी घेणारे होते. बापाने दोन एकर विकले. मुलगा विषय राहत राहत साडेपाच वर्षांनी पदवीधर झाला. आज तो चाकणला ठेकेदाराकडे अठरा हजारांवर आहे. त्याच यंत्रावर, त्याच्या शेजारी, तेवढ्याच पगारावर आयटीआय झालेला एक मुलगा उभा असतो, आणि त्याच्या बापाचे वावर अजून त्याच्या नावावर आहे. याच घरात एक मुलगी होती. दहावीत पहिल्या वर्गात आलेली. भावाच्या फीसाठी तिची बारावीनंतरची शाळा बंद झाली व लग्न उरकले. विकलेली जमीन परत आली नाही, मुलीचे वयही परत आले नाही. आमचे वाक्य दोन्ही अंगांनी खोटे ठरले. तेव्हापासून आम्ही हिशेब मांडल्याशिवाय सल्ला देत नाही.

तर आता हिशेब मांडू. कॉलेजची फी वर्षाला एक लाख रुपये धरू. पुष्कळ ठिकाणी ती याहून अधिक आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव केंद्र सरकारने क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविला. म्हणजे एक लाखासाठी पावणेएकोणीस क्विंटल सोयाबीन घालावे लागेल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर तीन एकरांहून अधिक रानाचे सारे पीक एका फीत गेले. बी, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च अजून वजा केलाच नाही. आणि हमीभाव हा कागदावरचा भाव. मोंढ्यात चार हजारांनी गेले तर तीच फी पंचवीस क्विंटलची होते. पाऊस जास्त झाला तर काय होते, हे सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पीक पाण्यात गेले म्हणून फीची तारीख पुढे जात नाही. त्यात पुण्याची खोली व खानावळ वेगळी.

कोणी म्हणेल, कर्ज काढू. तेही मांडू. चार वर्षे दर वर्षी एक लाख उचलले, व्याज सरळ दहा टक्के धरले, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवड मिळाली. फेड सुरू होईल त्या दिवशी पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस व चौथ्यावर वीस हजार व्याज चढलेले असेल. चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजारांवर हप्ता येतो. अठरा हजार पगारातून सात हजार गेले, खोली-खानावळ गेली, तर गावाकडे काय येणार? पूर्वी सावकार दारात येऊन बसे, आता बँकेचा निरोप मोबाइलवर येतो, एवढाच फरक.

बरे, पदवी झाल्यावर नोकरी ठेवलेली आहे काय? २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज आले दहा लाखांवर. अर्जाची फी खुल्या वर्गास एक हजार व राखीव वर्गास नऊशे रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. शिपायाच्या जागेस बारावी पुरते, पण त्या मैदानावर धावणाऱ्यांत पदवीधर किती होते हे आपल्या गावच्या पोरांना विचारा. आम्ही स्वतः पदवीधर नव्हे. बारावीनंतर अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली, पुढे तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक झालो, आणि त्या दोन वर्षांच्या शिक्षणावर आज आमचे घर चालते. पण आमच्या मागून तोच रस्ता धरलेली पोरे भरती रखडल्यामुळे वर्षानुवर्षे घरी बसली. तेव्हा "आमचे चालले म्हणून तुमचेही चालेल" असे सांगण्याचा अधिकार आम्हास नाही.

एवढे ऐकून कोणाच्या मनात येईल की मास्तर आता सांगणार, कॉलेज सोडा आणि नांगर धरा. बंधूंनो, तसे मुळीच नाही! पदवीला काही अर्थ उरला नाही, असे सांगणारे शहाणे हल्ली पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या घरात डोकावून पहा. त्यांची स्वतःची मुले परदेशी पदव्या घेत असतात. पदवी निरुपयोगी ठरते ती नेमकी कुणब्याच्या, माळ्याच्या, चांभाराच्या, धनगराच्या पोराची पाळी आल्यावरच! तलाठ्याची जागा पदवीवाचून मिळत नाही, तहसीलदाराची नाही, न्यायाधीशाची नाही. ज्या खुर्चीवरून आपल्या सातबाऱ्याचा निकाल लागतो, त्या खुर्चीकडे जाणारी वाट पदवीच्या दारातून जाते. ते दार आपण होऊन लावून घेणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या ओसरीवर हात जोडून बसणे होय.

म्हणून प्रश्न पदवी घ्यावी की नाही हा नाही. ती कोणत्या भावाने घ्यावी आणि तो भाव कोणी भरावा, हा आहे. आणि याचे उत्तर आपल्या थोरांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, पुढे जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढविली, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांना दाणा कमी पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्यास कॉलेज निघाले ते गरिबाच्या पोराने राबावे आणि शिकावे म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी हेच मांडले की खालच्या वर्गांना शिक्षण होईल तितके स्वस्त झाले पाहिजे. १९५० साली औरंगाबादेस त्यांनी कॉलेज काढले. आपल्या शेजारी बार्शीस मामासाहेब जगदाळे यांनी बहुजनांच्या पोरांची सोय केली. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. वरचे शिक्षण उर्दूतून आणि विद्यापीठ हैदराबादेस. आपल्या आज्यांना या वाटेचे नावसुद्धा ठाऊक नव्हते.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. यांपैकी कोणीही शेतकऱ्याला "वावर विक आणि पोर शिकव" असे सांगितले नाही. संस्थानिकाने खजिना उघडला, गावाने धान्य दिले, बाईने सोने दिले, पोराने राबून घाम दिला. खर्च सर्वांनी वाटून घेतला, एका बापाच्या गळ्यात बांधला नाही. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना फीमाफी मिळाली आणि खेड्यातली पिढी कॉलेजात गेली.

मग हे फिरले केव्हा? १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. देणग्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९८७ साली त्या बंद करण्याचा कायदा करावा लागला. २००१ पासून नवी कॉलेजे 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच निघू लागली. म्हणजे जोवर कॉलेजात आपली पोरे नव्हती तोवर सरकारचा हात सैल होता, आणि आपली पोरे दाराशी पोचली तेव्हा त्याने हात आखडला. जोतीरावांचा आक्षेप आजही जसाच्या तसा उभा आहे, फक्त त्याने अंगरखा बदलला आहे. कोणी म्हणेल, सरकारला परवडत नाही. विलायतेत १९९८ पर्यंत तिथल्या मुलांना कॉलेजची फी नव्हती, २०१२ साली ती वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत नेली आणि पोरे कर्जात बुडाली. उलट जर्मनीत प्रांतांनी बसविलेली फी लोकांनी ओरड केल्यावर २०१४ पर्यंत साऱ्या प्रांतांनी काढून टाकली. तेव्हा फी ही पावसासारखी आभाळातून पडत नाही. ती माणसे बसवितात व माणसेच उठवितात.

पण ती उठेपर्यंत आपण काय करावे? थोडक्यात सांगतो.

पहिले, दलालाला दारात उभे करू नका. प्रवेश घ्यायचा तो सरकारी केंद्रीय फेरीतूनच. व्यवस्थापनाच्या कोट्यात गेलात की फीची सवलत गेली. केंद्रीय फेरीतून गेलेल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलांना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत आहे. अनुसूचित जातींच्या व भटक्यांच्या मुलांसाठी वेगळ्या सवलती आहेत. त्या त्या दाखल्यांची तयारी निकालाआधीच करा.

दुसरे, कॉलेजची मंजूर फी किती, हे विचारा. राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे, ते धंदेशिक्षणाच्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी ठरविते. पावती मिळत नसेल असा एक रुपयाही देऊ नका.

तिसरे, आधी जवळचे आणि सरकारी पहा. धाराशिवला सरकारी तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. घरून भाकरी बांधून जाणाऱ्या पोराची निम्मी फी तिथेच वाचते. हात चालणाऱ्या पोराने आधी पदविका घेऊन मग पदवीच्या दुसऱ्या वर्षात जावे. हा रस्ता स्वस्तही आहे आणि मध्येच थांबावे लागले तरी हातात काहीतरी राहते.

चौथे, कर्ज काढावेच लागले तर उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास धंदेशिक्षणाच्या कर्जावरचे शिक्षणकाळातील व्याज भरण्याची केंद्राची योजना आहे, तिची चौकशी बँकेत स्वतः करा. मागितल्यावाचून ताटात पडत नाही.

पाचवे आणि सर्वांत मोठे. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना, केंद्रीय फेरीतून धंदेशिक्षणाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, हे खरे. पण पहा आपला शहाणपणा! ज्या पोराला फी पडते त्याच्यासाठी आपण वावर विकतो, आणि जिची फी माफ आहे त्या पोरीचे लग्न काढतो. त्या लग्नातल्या मांडवात व वाजंत्रीत जो पैसा जातो तेवढ्यात तिची वसतिगृहाची वर्षे निघाली असती. हा तोटा कोणी भटाने किंवा सावकाराने केलेला नाही, तो आपण आपल्या हाताने करतो.

आता त्या ओसरीवरच्या गृहस्थांस उत्तर देतो. ते सभेत मागे बसले आहेत. आण्णा, पट्टी विकू नका. मुलाला केंद्रीय फेरीत उतरवा. जागा मिळाली तर निम्मी फी भरा, उरल्यासाठी कर्जाचा कागद आपण दोघे मिळून वाचू. जागा नाही मिळाली तर धाराशिवच्या तंत्रनिकेतनात घाला, पोरगा दोन वर्षांत कॉलेजच्या दाराशी पुन्हा येतो. आणि अकरावीतल्या धाकटीचे नाव कोणाच्या सोयरिकीत घालू नका. तिचे दाखले घेऊन सोमवारी आमच्याकडे या.

बाकीच्यांस एवढीच विनंती की या गावात दर हंगामाला घरटी पायली-दोन पायली धान्य किंवा त्याचे पैसे जमवून एक शिक्षण-फंड उभा करावा, आणि परगावी शिकणाऱ्या दोन मुलींच्या खानावळीपासून सुरुवात करावी. पहिल्या फंडात आमचा एक महिन्याचा पगार आम्ही आजच लिहून देतो. बारा वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचे देणे आमच्या अंगावर आहे, ते असे थोडे तरी फिटेल.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.