इंटरनेट बंद असलेल्या लॅपटॉपची विषाणूपासून मुक्तता
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या घरी हल्ली पुष्कळदा एक लॅपटॉप असतो. दिवसा घरची मुले त्यावर अभ्यास करतात. रात्री जेवणे आटोपल्यावर शिक्षक त्यावरच निकालपत्रके, हजेरीचे गोषवारे आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका तयार करतो. असा लॅपटॉप एके दिवशी मंदावतो, पेनड्राइव्हवरील फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागतात आणि त्यातच इंटरनेटही बंद पडते. औषध इंटरनेटवरून आणावयाचे आणि वाट तर रोगानेच अडविलेली! अशा वेळी कित्येक जण घाबरून सर्व काही पुसून टाकण्यास संमती देतात आणि वर्षभराचे काम एका दुपारी नाहीसे होते. हे टाळता येते. मात्र घाई न करता क्रमाने चालले पाहिजे.

संगणकाच्या विषाणूला पसरण्यासाठी इंटरनेट लागतेच, ही समजूत बरोबर नाही. १९८६ साली लाहोर येथील दोघा भावांनी तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्राची यंत्रणा हे त्याचे लक्ष्य होते. पाणवठा दूषित झाला म्हणजे रोग घरोघर जातो. तद्वतच घरून शाळेत, शाळेतून केंद्रात आणि केंद्रातून दुसऱ्या शाळेत हिंडणारा एकच पेनड्राइव्ह अनेक संगणकांना बाधित करू शकतो. म्हणून घरच्या लॅपटॉपची शुद्धी ही शिक्षकाची केवळ खासगी बाब उरत नाही.

प्रथम इंटरनेट खरोखर कशामुळे बंद आहे, याची खात्री करावी. त्याच वाय-फायवर मोबाइल चालत असेल, तर दोष लॅपटॉपमध्ये आहे. मोबाइलही चालत नसेल, तर विषाणूला दोष देण्याचे कारण नाही. लॅपटॉपवर एअरप्लेन मोड चुकून सुरू झाला आहे काय, हेही पाहावे. जोडणी झालेली दिसते, तरीही एकही पान उघडत नाही, असे असेल तर मात्र शंकेला जागा आहे.

विषाणू वाट कशी अडवितो, याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकांतील पत्ता सांगणारी एक व्यवस्था असते. तिला डीएनएस म्हणतात. ‘डीएनएस चेंजर’ हा विषाणू संगणकाला ही चौकशी चोरांच्या यंत्राकडे करावयास लावी. नोव्हेंबर २०११ मध्ये या टोळीला अटक झाली आणि तिच्या यंत्रांच्या जागी तात्पुरती निर्दोष यंत्रे बसविण्यात आली. ९ जुलै २०१२ रोजी तीही बंद झाली, तेव्हा ज्या संगणकांतील मांडणी दुरुस्त झालेली नव्हती त्यांना इंटरनेटचा मार्ग सापडेनासा झाला. तात्पर्य, विषाणू काढणे हे एक काम आणि त्याने बिघडविलेली मांडणी नीट करणे हे दुसरे. दोन्ही केल्याखेरीज इंटरनेट परत येत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीचा क्रम. इंटरनेट बंद असणे ही आरंभी एक प्रकारे सोयच आहे. कारण विषाणूचा बाहेरच्या चोराशी संबंध तुटलेला असतो. म्हणून वाय-फाय मुद्दाम बंदच ठेवावे. नंतर निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, छायाचित्रे अशा आवश्यक फायलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. कोणताही प्रोग्राम मात्र घेऊ नये. या पेनड्राइव्हवर ‘संशयित’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि तपासणी होईपर्यंत तो कोणत्याही दुसऱ्या संगणकास लावू नये.

औषध एखाद्या निरोगी संगणकावरून आणावे. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर विंडोजमधील डिफेंडरसाठी विषाणूंच्या ओळखीची ताजी यादी स्वतंत्र फाइल म्हणून मिळते. सेफ्टी स्कॅनर हा विनामूल्य प्रोग्रामही तेथेच मिळतो. तो उतरवून घेतल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना साठवून ठेवू नये. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रानेही अशी साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. उतरवून घेताना लॅपटॉप ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे ठाऊक असावे. शक्य असल्यास ही साधने सीडीवर कोरून आणावीत, कारण पूर्ण करून बंद केलेल्या सीडीवर विषाणूला लिहिता येत नाही. पेनड्राइव्ह वापरल्यास तोही नंतर संशयितच समजावा.

लॅपटॉपवर प्रथम यादीची फाइल चालवावी. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधील स्कॅनच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. लॅपटॉप स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी करतो. तिला साधारण १५ मिनिटे लागतात. याचे मर्म असे की, विंडोज चालू असताना विषाणूही जागा असतो व लपू शकतो. या पद्धतीत तो निद्रिस्त असतानाच पकडला जातो. पुढे सेफ्टी स्कॅनरने संपूर्ण तपासणी करावी. ती कित्येक तास चालू शकते, तेव्हा चार्जर लावून ठेवावा. अखेरीस अनोळखी प्रोग्राम आणि ब्राउझरला चिकटलेली अनोळखी जोडपत्रे काढून टाकावीत.

पेनड्राइव्हवरील शॉर्टकट कदापि उघडू नयेत. उघडणे म्हणजे विषाणूला चालना देणे होय. मूळ फायली बहुधा नष्ट झालेल्या नसतात, त्या केवळ लपविलेल्या असतात. साफ झालेल्या लॅपटॉपवर त्या पेनड्राइव्हची तपासणी करून मगच फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या व संरक्षित फायली दाखविण्याची सोय सुरू करावी.

मग मांडणीकडे वळावे. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी आपोआप सुरू झालेली आढळल्यास ती बंद करावी; डीएनएसचा पत्ता आपोआप मिळेल असे ठेवावे. तेवढ्याने भागले नाही, तर ‘नेटवर्क रीसेट’ करावे. त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. इंटरनेट सुरू होताच विंडोज अद्ययावत करून पुन्हा एकदा तपासणी करावी. बँकेचे आणि शासकीय संकेतस्थळांचे पासवर्ड निरोगी संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदलावेत. पैसे गेल्याचे आढळल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एवढे करूनही विषाणू पुनःपुन्हा डोके वर काढीत असेल, तर विंडोज नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय. फायलींची प्रत आधीच घेतलेली असल्याने त्याची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

फायलींची प्रत राखणे, पेनड्राइव्ह तपासल्यावाचून न उघडणे आणि प्रोग्राम मूळ ठिकाणाहूनच घेणे, या तीन सवयी शिक्षकाने स्वतः पाळल्या तर मुले त्या पाहून शिकतील. हात धुण्याची सवय वर्गात लागून घराघरांत पोहोचते. ही नवी स्वच्छताही त्याच वाटेने गावात पोहोचणार आहे आणि तिचा आरंभ शिक्षकाच्या घरच्या लॅपटॉपापासून व्हावा, हेच उचित होय.