जिवंत किनारा आणि गळाची हौस

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नांवाचा सुमारें ३०० किलोमीटर लांबीचा उपसागर आहे. त्याच्या कांठीं राहणाऱ्या अनेक गृहस्थांना दोन गोष्टींची हौस असते: पाण्यालगत स्वतःचें अंगण असावें, आणि सायंकाळीं धक्क्यावर बसून गळ टाकावा. दुर्दैवानें या दोन हौशी एकमेकींच्या वैरिणी ठरल्या.

लाटांनीं अंगण खचूं लागलें कीं मालक पाण्यांत लांकडाची किंवा पत्र्याची उभी भिंत ठोकी. जमीन वांचे, परंतु भिंतीवर आपटलेली लाट परततांना पायथ्याची वाळू उकरून नेई. उथळ पाणी गेलें, गवत गेलें, आणि लहान माशांचा आसराही गेला. तेथील लोक ज्याला रॉकफिश म्हणतात तो पट्टेरी बास मासा भक्ष्य असेल तेथेंच येणार!

यावरचा उपाय 'जिवंत किनारा' या नांवानें ओळखला जातो. किनाऱ्याला वाळूचा सौम्य उतार द्यावयाचा, खाऱ्या पाण्यांत तगणारें स्पार्टिना गवत लावावयाचें, आणि पुढें दगडांचा किंवा कालवांच्या शिंपांचा ठेंगणा बांध घालावयाचा. कोकणांतील खाजणें पाहिलेल्या श्रोत्यांना हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. बांधांत जागोजाग फटी मात्र हव्यात, म्हणजे मासे आंतबाहेर करूं शकतात. त्या विसरल्या तर राहते ती केवळ बागाईत. भरतीला कोळंबी व बारीक मासे गवतांत शिरतात. ओहोटी लागली कीं त्यांना बाहेर यावेंच लागतें, आणि कडेला मोठा मासा टपलेला असतो. गळ टाकणारा जाणता माणूस हीच वेळ साधतो.

उत्तर कॅरोलिना राज्यांत २०११ च्या आयरीन वादळानें अनेक भिंती मोडल्या. दलदलीचे किनारे मात्र टिकले. तेथील संशोधकांना असेंही आढळलें कीं, बांधल्यापासून सुमारें तीन वर्षांनीं अशा किनाऱ्यावर भिंतीलगतच्या पाण्यापेक्षां अधिक मासे असतात. तीन वर्षें वाट पाहणें सर्वांनाच जमतें असें नाहीं. म्हणूनच मेरीलंडनें २००८ सालीं आणि व्हर्जिनियानें २०२० सालीं कायद्यानें जिवंत किनाऱ्याला पहिला मान दिला. जेथें लाटांचा मारा इतका कीं गवत रुजणेंच अशक्य, तेथें सूट आहे, आणि ती योग्यच होय. पूर्वीं बांधलेल्या अनेक भिंती अद्याप उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना गळ घेऊन शेजाऱ्याच्या किनाऱ्याकडे जावें लागलें तर नवल नाहीं.