डोंगर पायथ्याच्या मुलांचाही आहे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला 'माथेरान परिसरातली भटकंती' आणि वेळ दिला दहा मिनिटं. बाहेरगावाहून बरेच जण कुटुंबासह आलेत, त्यांनी उद्या कुठे फिरावं ते सांग, एवढीच अपेक्षा होती. ते मी सांगतेच. पण शेवटी एक मागणीही करणार आहे आणि ती आज दुपारच्या निधीच्या बैठकीशी संबंधित आहे. तेव्हा खजिनदारांनी जेवणाच्या व्यवस्थेतून जरा इकडेही लक्ष द्यावं.

आधी उद्याचं बघू. ज्यांच्यासोबत लहान मुलं किंवा आई-वडील आहेत, त्यांनी गाडीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावं. तिथे मोटारी थांबतात. पुढे अमन लॉजहून छोट्या गाडीची शटल मिळते, नाहीतर लाल मातीच्या रस्त्याने रमतगमत चालत बाजारपेठ गाठता येते. सकाळी लवकर निघालात तर पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय मिळेल. संध्याकाळ पॉर्क्युपाइन पॉइंटवर काढा, समोर प्रबळगड आणि त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. मधल्या वेळात शार्लोट तलाव आणि शेजारचं पिसरनाथाचं देऊळ. तलावाच्या काठावर बसून डबा खायला हरकत नाही, पण माकडांना काही द्यायचं नाही आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही. त्यांचं लक्ष आपल्यापेक्षा चांगलं असतं.

ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांच्यासाठी पायवाटा आहेत. भिवपुरी रोड स्टेशनला उतरून डिकसळमार्गे गार्बेटचं पठार चढता येतं. पनवेलच्या अंगाने धोदाणी गावातून सनसेट पॉइंटची वाट वर येते. चौकच्या बाजूने वन ट्री हिलकडे चढणारी वाट आहे, तिलाच लोक शिवाजी लॅडर म्हणतात. आणि आपल्या नेरळच्या डोक्यावरचा पेब, म्हणजे विकटगड. वर गुहा आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत आणि तिथून लोखंडी शिड्यांच्या वाटेने माथेरानच्या रुळांच्या बाजूला बाहेर पडता येतं. यातली कुठलीही वाट पहिल्यांदा करताना वाडीतला माहीतगार माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. पावसाळ्यात तर घ्याच. मी रोज संगणकासमोर बसणारी बाई आहे, म्हणून खात्रीने सांगते. फोनमधला नकाशा अंतर सांगतो. जुलैमध्ये कोणत्या दगडावर शेवाळ धरतं आणि कोणता ओढा अर्ध्या तासात फुगतो, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ते वाडीतल्या माणसाला माहीत असतं.

आता आपल्या गाडीबद्दल थोडं. नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. नवव्या इयत्तेत मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडला असेल. डोंगर तर समोर दिसतो, मग गाडी २१ किलोमीटर का फिरते? पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर मी ते गणित करून पाहिलं आणि ते अगदी शाळेतलंच गणित निघालं. या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ आहे १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. साडेसातशे मीटर चढायचे तर सलग तीव्र चढ धरला तरी किमान १५ किलोमीटर रूळ हवेत. त्यात जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानकं आणि सौम्य चढाचे तुकडे मिळवा, की २१ चा हिशोब लागतो. म्हणजे ती वळणं हौसेची नाहीत. बांधणाऱ्यांनी डोंगराशी भांडण न करता त्याच्या कलाने रूळ टाकले.

तरीही डोंगर अधूनमधून आठवण करून देतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा बंद पडला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाला. आणि शेजारच्याच इर्शाळगडाच्या उतारावर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ते तर आपण सगळे जाणतोच. आपल्या ओळखीच्या डोंगरात हे घडलं. पर्यटनाबद्दल बोलताना ती वाडी विसरून चालणार नाही.

पुस्तकात लिहिलेलं असतं की ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान शोधलं. ठाकर आणि कातकरी मंडळींना हे कोणी कळवलं होतं की नाही, कोण जाणे! ते तर तिथल्या वाटांवरून आधीपासून ये-जा करत होते. साहेबांच्या बायका-मुलींची नावं पॉइंट्सना मिळाली. ज्यांच्या डोक्यावरून भाजी, दूध, जांभळं आणि करवंदं त्या पॉइंट्सपर्यंत चढली, त्यांची नावं कुठेच लागली नाहीत.

माथेरानचं वेगळेपण तिथे मोटारी नसण्यात आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यात माथ्यासोबत पायथ्याचाही मोठा भाग येतो. पण मोटारी नाहीत याचा अर्थ ओझं नाही असा नव्हता. ते ओझं घोड्यांनी आणि माणसांनी ओढलं. हातरिक्षाला पुढे एक माणूस, मागे दोन, आणि आत बसलेला माणूस फोटो काढतोय, हे आपण लहानपणापासून पाहिलं. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांच्या मार्गाने पुनर्वसन करा.

यावर आपल्यातच दोन मतं आहेत, सकाळी चहाच्या वेळी ऐकलीच मी. कोणी म्हणतं, ई-रिक्षा आल्या की उद्या मोटारी येतील. कोणी म्हणतं, घोडेवाल्यांचं काय? दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण माझं मत स्पष्ट आहे. शांतता टिकवायची म्हणून कोणाच्या तरी पाठीचा कणा वाकवायचा, हा सौदा आपल्याला शोभत नाही. शांतता टिकवायची असेल तर ज्याला चालता येतं त्याने चालावं. ई-रिक्षा आजी-आजोबांना, आजाऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांना. बाकीच्यांना देवाने दोन पाय दिलेत.

आता मागणी. आपल्या वर्गणीतून शाळेला कमान बांधावी असा प्रस्ताव आहे. कमान दिसायला छान असते, आपली नावंही लागतात. माझी विनंती अशी की कमान एक-दोन वर्षं थांबू दे. त्या पैशातून दरवर्षी डिसेंबरमध्ये नववीच्या मुला-मुलींना पायी माथेरानला न्यावं. दोन दिवस, वरती एक मुक्काम. सोबत वाडीतले दोन वाटाडे, त्यांना रीतसर मानधन. भूगोलाच्या तासाला सरांनी आपल्याला फळ्यावर समोच्च रेषा काढून दाखवल्या होत्या. रेषा जवळजवळ आल्या की कडा, लांब गेल्या की पठार. ज्या मुलाने गार्बेटचं पठार पायाखाली घातलंय, त्याला ते पाठ करावं लागणार नाही. मुलांनी वाटेचा नकाशा स्वतः काढावा. पाणी कुठे, दरडीची जागा कुठे, वाडीत जुन्या माणसांनी सांगितलेली नावं कोणती, हे सगळं नोंदवावं. ते नीट जपून ठेवायचं काम माझ्याकडे द्या, माझ्या धंद्यातलं तेवढं तरी शाळेच्या उपयोगी पडू दे. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, त्यांनी प्रथमोपचाराचा एक दिवस घ्यावा.

हे मी हौसेखातर मागत नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून जे जथे येतात, त्यांना डोंगरावर नेण्याचं काम कोणीतरी करणारच. ते पायथ्याच्या मुलांनी शिकून, सुरक्षितपणे आणि योग्य मोबदल्यात करावं, की त्यांनी फक्त पार्किंगच्या पावत्या फाडाव्यात, हे ठरण्याचं वय नववी-दहावीचंच असतं.

आणि एक. हुतात्मा भाई कोतवाल माथेरानचे. १ डिसेंबर १९१२ चा त्यांचा जन्म. वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि गावांत शाळा सुरू केल्या. बेचाळीसच्या लढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. या रानातल्या लोकांनी त्यांना साथ दिली होती. आपली मुलं डिसेंबरात वर जातील, तेव्हा त्यांच्या जयंतीचा महिना असेल. पॉइंट्सच्या इंग्रजी नावांसोबत हेही नाव त्यांच्या तोंडी असावं.

दुपारच्या बैठकीत हात वर करताना एवढा विचार करा. सर, बाई, तुमचाही शब्द हवा, तुमच्यासमोर नाही म्हणायची या वर्गाची अजून हिंमत नाही. आणि पहिल्या वर्षी मुलांसोबत चढायला कोण येणार, त्याची यादी मी वहीत सुरू केली आहे. पहिलं नाव माझं आहे. दुसरं लिहायला या.